गोळीचा आधार



एका मातेने प्रश्न विचारला आहे. मुलाने गर्द सोडले. परंतु डॉक्टरांनी दिलेली गोळी तो रोज जिभेखाली धरतो. शेजारी म्हणतात, "एक व्यसन गेले, दुसरे आले." मग त्याने इष्टलिंग करतलावर घ्यावे काय?

शेजाऱ्यांच्या बोलण्यात सत्याचा अंश आहे. गर्द, अफू मेंदूत ज्या जागी परिणाम करतात, तेथेच ही ब्युप्रेनॉर्फिनची गोळीही काम करते. परंतु ती त्या जागेला अर्धवटच चेतवते. ठराविक मर्यादेनंतर मात्रा वाढवूनही तिचा अंमल फारसा वाढत नाही. योग्य मात्रेत अंगदुखी, जुलाब, तळमळ शमते आणि माणूस भानावर राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

आता विचार करा, व्यसन कशाला म्हणावे? रोज काही घेणे एवढ्यालाच नव्हे. ज्याच्यापायी माणूस खोटे बोलतो, घरची भांडी विकतो, कायक टाकतो, ते व्यसन. गोळी घेणारा मुलगा सकाळी कामावर जात असेल, घामाचा पैसा आईच्या हाती देत असेल, तर त्याचे बंधन वाढले की सैल झाले?

काहींना हे औषध वर्षानुवर्षे लागते. काहींची मात्रा डॉक्टर महिनोन्महिने थोडी थोडी उतरवतात. लोकलाजेने ते एकदम तोडले, तर तळमळ परतते. तोवर शरीराची जुनी सहनशक्ती उरलेली नसते. पूर्वीइतकेच गर्द घेतले तरी श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. म्हणून "अजून गोळी सुटली नाही का?" हा टोमणा निरुपद्रवी नाही.

षट्स्थलात भक्तापासून ऐक्यापर्यंत सहा स्थळे आहेत. भक्तस्थळावरील साधकाला "अजून ऐक्य का नाही?" म्हणून आपण हिणवत नाही. शरणांच्या मेळ्यात ताडी विकणारे हेंडद मारय्याही होते. मग सावरू पाहणाऱ्या मुलाला उंबऱ्याबाहेर ठेवणारे आपण कोण?

माते, त्याने स्नान करावे, विभूती लावावी, इष्टलिंगपूजा करावी आणि गोळीही वेळेवर घ्यावी. मात्रा केव्हा उतरवायची, ते डॉक्टर व तो मिळून ठरवतील. आपण त्याच्या कायकाला मान द्यावा. तोही दासोहच आहे.

शरणु शरणार्थी.