घर कोणावर सोपवून निघालो?

माऊली, प्रपंचात राहून परमार्थ साधायचा, ही आपली वाट. पण घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याला सगळा प्रपंच आला, तर त्याने आपल्या मनातले कधी करायचे? हा प्रश्न एकट्या आपल्या घरचा नाही. दूर जपानातल्या स्त्रियांनीही तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला.

जपानी भाषेत दोन शब्द आहेत. ‘गिरी’ म्हणजे नात्यागोत्याचे कर्तव्य आणि ‘निन्जो’ म्हणजे माणसाच्या मनाची स्वाभाविक ओढ. जुन्या घराण्यात सुनेने सासूच्या हाताखाली घरची रीत शिकायची आणि स्वतःची ओढ मनातच ठेवायची. १८९८ च्या नागरी कायद्याने तर घराण्याच्या कर्त्याच्या हाती मोठी सत्ता दिली. पत्नीला महत्त्वाचे व्यवहार पतीच्या संमतीशिवाय करता येत नसत. १९४७ साली ही व्यवस्था कायद्यातून गेली. मनातून जायला मात्र वेळ लागतो.

त्याच देशात कामाकुरा येथे तोकेइजी नावाचे मंदिर आहे. १२८५ साली काकुसान या विधवा भिक्षुणीने ते स्थापन केले. पुढे एक काळ असा होता, की काडीमोड लिहून द्यायचा तो नवऱ्यानेच. तेव्हा सासर असह्य झालेली स्त्री या मंदिराच्या आश्रयाला येई. ठरावीक काळ तिथे राहिली, की तिची सुटका होई. धर्माने कर्तव्य सांगितले, तसे एक दारही उघडे ठेवले.

पण सगळ्याच स्त्रियांना घर सोडायचे नसते. घरातच थोडी मोकळी जागा हवी असते. आपल्या संत बहिणाबाईंनी पतीचा विरोध सोसला. त्यांनी घर सोडले नाही आणि तुकोबांचा ध्यासही सोडला नाही. आपण त्यांची सहनशीलता वाखाणतो, पण त्यांना सोसावे का लागले, हे विचारत नाही. स्वतःहून दिले तर तो त्याग. दुसऱ्याने द्यायला लावले, तर त्याला त्याग कसे म्हणावे? आणि त्याचे पुण्य तरी कोणाच्या पदरी जमा व्हावे?

आषाढीला आपण दिंडीत निघतो. गुरेढोरे, म्हातारी माणसे, लेकरे कोणावर सोपवून निघतो, ते आठवा. यंदा निघण्यापूर्वी तिला विचारा, “बाई, तुझ्या मनात काय आहे?” ती वारी म्हणेल, शिकायचे म्हणेल, कदाचित दुपारची तासभर विश्रांतीच मागेल. विचारून थांबू नका. तिच्या हातातले काम आपल्या हाती घ्या. विठुरायाने जनाबाईंबरोबर दळण दळले, असे आपण भक्तिभावाने सांगतो. मग आपल्याला जात्याला हात लावायला लाज कसली?

राम कृष्ण हरी.