नाव आणि साक्ष

पक्षी ओळखणे हे वरवर पाहता नेत्रांचे काम. वस्तुतः ती साक्ष असते. ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिलेला रानपिंगळा १८८४ नंतर दिसेनासा झाला. १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचा कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांचा दावा दीर्घकाळ ग्राह्य मानला गेला. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, जुनाच होता; नवी होती ती चिठ्ठी. त्या चिठ्ठीने शोधकांची दिशाभूल केली. ती बाजूला सारून पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, विश्वसनीय स्थळांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो दिवसाउजेडी बसलेला दिसला. जवळजवळ बिनठिपक्यांचा माथा आणि दाट पिसांचे पाय यांनी त्याला नित्याच्या पिंगळ्यापासून वेगळे केले.

पक्ष्याला आपले नाव ठाऊक नसते. मग खोट्या नावाने त्याचे काय बिघडते? बिघडते ते हे, की जो जिथे नाही तिथे नोंदला जातो, त्याच्या खऱ्या रानावर कुऱ्हाड पडताना त्याच्या वतीने बोलणारे कोणी उरत नाही. मूक जीवाविषयीची साक्ष तो स्वतः खोडू शकत नाही. म्हणूनच ती अधिक काटेकोर हवी. ‘ओळखता आले नाही’ ही नोंददेखील त्या सत्यनिष्ठेचाच भाग होय.