वडील : एकवचनी की अनेकवचनी?

मराठीत ‘वडील आले’ म्हटले की आलेली माणसे किती, हे त्या वाक्यावरून कळत नाही. एकट्या बापालाही आपण आदराने अनेकवचन लावतो. या सौजन्यामुळे मराठी बायबलच्या वाचकाची एका जागी गफलत होते. पौल आणि बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे याकोब सांगतो, आणि गावोगावी वडील नेमण्यासाठी तीताला क्रेत बेटावर ठेवले होते. हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे दर ठिकाणी एकेकटा, झगा घातलेला पाळक उभा राहतो. ग्रीकमध्ये मात्र शब्द ‘प्रेस्बिटेरोस’चे उघड अनेकवचन आहे : मंडळी एक, वडील अनेक. फिलिप्पै येथील मंडळीला पत्र लिहितानाही पौल तिथल्या ‘अध्यक्षांना’, म्हणजे वडिलांनाच, अनेकवचनातच नमस्कार करतो. पाळकांसाठी बायबलमध्ये काय मार्गदर्शन आहे, असे विचारले की आपण सहसा सद्गुणांची यादी काढतो. माझ्या मते त्या यादीपेक्षा हे अनेकवचन महत्त्वाचे आहे. नव्या कराराने मंडळीत असे एकही आसन मांडलेले नाही की ज्यावर बसलेल्याला कोणी जाब विचारू शकणार नाही.

यादीदेखील याच बाजूने साक्ष देते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या अंगी काय असावे ते सांगितले आहे : तो मद्यपी, मारका किंवा पैशाचा लोभी नसावा, अतिथीचे स्वागत करणारा असावा, त्याचे घर धड चाललेले असावे, नुकताच विश्वासात आलेला नसावा. कौशल्य म्हणावे असे त्यात एकच, शिकवता येणे. दृष्टान्त, स्वप्न, आजार बरे करण्याचे सामर्थ्य, पहाडी आवाज, उज्जीवन सभांच्या फ्लेक्सवर ठळक अक्षरांत छापले जाणारे काहीच तिथे नाही. यादीतला जवळजवळ प्रत्येक गुण शेजाऱ्याला पारखता येतो, आणि मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे अशी अट शेवटी घातली आहे. म्हणजे पाळकाच्या परीक्षकांत ख्रिस्ती नसलेला वाणी आणि घरमालकही बसवले आहेत! ‘मला देवाने बोलावले’ हा दावा कोणालाच तपासता येत नाही, आणि पत्रलेखकाने पात्रता त्या दाव्यावर टांगलेली नाही.

यावर हुकमी उत्तर येते ते अभिषिक्ताचे. देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये, असे १०५ व्या स्तोत्रात आहे आणि दावीदानेही शौलावर हात उगारला नाही, मग पाळकाला प्रश्न विचारणारे तुम्ही कोण? पण ते स्तोत्र परदेशात भटकणाऱ्या मूठभर पूर्वजांविषयी आहे. त्यांना राजांच्या जुलमापासून वाचवण्यासाठी तो इशारा आहे. दुर्बळांचे ते कवच सत्ताधाऱ्याच्या अंगावर चढवणे म्हणजे स्तोत्र उलटे वाचणे. दावीदाने शौलाला ठार मारले नाही हे खरे. पण गुहेतून बाहेर येऊन, त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, सर्वांसमक्ष त्याला त्याचा अन्याय सुनावला. पुढे दावीद स्वतः राजा झाला तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर बोलला. अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीतून उठून गेला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावले आणि गलतीकरांच्या पत्रात ते लिहूनही ठेवले. पेत्राला जे लागू होते ते तालुक्याच्या गावातल्या पाळकाला लागू होत नाही, असे म्हणायला फार धाडस लागेल.

इब्री लोकांस पत्रातला आधार अधिक वजनदार आहे. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असे तेराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे, आणि ते झटकून टाकता येणार नाही. मंडळी म्हणजे रोज मतदान घेणारी सोसायटी नव्हे. परंतु त्याच वचनात, हे पुढारी हिशेब देणारे आहेत म्हणून त्यांचे ऐका, असे कारण दिले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्यायही हेच सांगतो : कळप देवाचा आहे, वडिलांनी त्यावर धनीपणा करू नये, मुख्य मेंढपाळ वेगळा आहे. गावाची गुरे राखणारा गुराखी संध्याकाळी प्रत्येकाच्या दारात जनावर पोचवतो, आणि एखादे कमी भरले तर त्याला विचारले जाते. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायातला मेंढपाळांवरचा संताप यातूनच येतो. मेंढरांची लोकर पांघरून आणि चरबी खाऊन ते स्वतःलाच पोसत होते, कळप जणू त्यांच्या मालकीचा.

इतिहासाचा आक्षेप मला जास्त विचार करण्याजोगा वाटतो. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांत बहुतेक शहरांना एकेक बिशप दिसतो; मग अनेकवचन ही बाल्यावस्थेतली तात्पुरती सोय होती का? तसे मानले तरी इग्नेशियसचा बिशप वडिलांच्या वर्तुळात बसलेला आहे, एकटा नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन आपल्या वडिलांना लिहितो, की त्यांच्या सल्ल्याशिवाय आणि लोकांच्या संमतीशिवाय काही करायचे नाही, असे त्याने पहिल्यापासूनच ठरवले होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा बिशप मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या परंपरा एकाच छताखाली आल्या. तेव्हा प्रश्न बिशप असावा की नसावा हा नाही, त्याच्याभोवतीचे वर्तुळ जिवंत आहे की नाही, हा आहे.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हे वर्तुळ मुळातच उशिरा आखले गेले. मंडळ्यांनी आपल्या पायांवर उभे राहावे, आपला कारभार आपण करावा, हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचा सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हापासून अमेरिकन मिशनचे जाहीर धोरण होते. तरी पगार मिशनकडून येई आणि जो पगार देतो त्याच्याकडे पाळकाचे तोंड असते. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र संघ उभारायला घेतला, त्यामागे हा काच होता. पुढे मिशनरी गेले, त्यांची खुर्ची मात्र राहिली. काही ठिकाणी तिच्यावर पाळक बसला, काही ठिकाणी कमिटी.

कमिटीचे नाव निघाले की पाळकच तक्रार करतील, आणि ती रास्त आहे. दोन-चार वजनदार घराणी पाळकाला कसे नाचवतात, हे मराठी मंडळ्यांना सांगायला नको. पण तीमथ्याच्या पत्राने इथेही दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत : दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलावरचा आरोप ऐकूही नये, आणि दोष सिद्ध झाला तर सर्वांसमोर कानउघाडणी करावी. कुजबुजीपासून संरक्षण आणि पांघरुणाला बंदी, दोन्ही लागोपाठच्या वाक्यांत. पैशाचेही तसेच. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पौल एकट्याने नेत नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो, की मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली आहेत, कारण व्यवहार देवाच्याच नव्हे तर माणसांच्याही नजरेत चोख दिसला पाहिजे. प्रेषितालाही ऑडिट कमीपणाचे वाटले नाही.

आणि हे वडीलच बिघडले तर? तीही शक्यता पौलाने धरली होती. मिलेतच्या बंदरावर त्याने इफिसच्या वडिलांना बोलावून घेतले, तेव्हा तुमच्यातूनच काही जण उठून शिष्यांना आपल्यामागे ओढतील, असे तो त्यांना तोंडावर म्हणाला. तरी त्यांच्या डोक्यावर एकच खंबीर माणूस बसवून तो निघून गेला नाही. आधी स्वतःकडे लक्ष द्या, मग कळपाकडे, एवढे सांगितले आणि आपल्या तीन वर्षांचा हिशेब मांडला : कोणाच्या सोन्यारुप्याची, कपड्यांची हाव धरली नाही, माझ्या आणि सोबत्यांच्या गरजा या हातांनी भागवल्या. मग सर्वांबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि ते त्याला जहाजापर्यंत पोचवायला गेले.