निलंबनानंतरचे लायसन्स

वाहतुकीचे नियम मोडल्यामुळे निलंबित झालेले लायसन्स परत कसे मिळते, हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९ मध्ये सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात एक मोलाची अट आली. निलंबनाची मुदत संपली एवढ्यावर लायसन्स परत मिळत नाही. चालकाला उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण करावे लागते.

यामागे बरीच वर्षे साठलेली अस्वस्थता आहे. कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने २०१४ मध्ये समिती नेमली. न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने २०१५ मध्ये राज्यांना बजावले, की बेफाम वेग, सिग्नल तोडणे, दारू पिऊन किंवा मोबाइलवर बोलत गाडी चालवणे, मालाच्या गाडीतून माणसे नेणे अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावे. दंड भरला की प्रकरण मिटले, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

अशा गंभीर गुन्ह्यांत पोलीस अधिकारी कलम २०६ खाली लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतो. त्या वेळी मिळणारी पावती जपून ठेवावी, पण ती दाखवून गाडी चालवता येत नाही. नंतर आरटीओमध्ये सुनावणी होते. चालकाचे म्हणणे ऐकल्यावर अधिकारी त्याला मोकळे करू शकतो, किंवा कारणे लेखी नोंदवून अपात्र ठरवू शकतो. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने. पुन्हा तसेच घडले तर लायसन्स रद्दच होते. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते.

सुनावणीत जबाबदारी दोन्ही बाजूंची असते. चालकाने घडले ते खरे सांगावे; अधिकाऱ्यानेही ठरावीक मजकुरावर सही करून मोकळे होऊ नये. गाडी ज्याच्या हौसेची आहे आणि रिक्षावर ज्याचे घर चालते, त्या दोघांचे तीन महिने सारखे नसतात. कायद्याने अधिकाऱ्याला सर्व किंवा काही वर्गांच्या वाहनांपुरती अपात्रता ठरवण्याची मुभा दिली आहे. रिक्षाचालकाने स्वतःच्या दुचाकीवर सिग्नल तोडला असेल, तर त्याच्या रोजीरोटीचा विचार या तरतुदीत बसतो. मात्र प्रवासी बसवलेल्या रिक्षातच बेफिकिरी झाली असेल, तर प्रवाशाच्या जिवाचे पारडे जड ठरले पाहिजे.

उजळणी प्रशिक्षण हा या प्रक्रियेचा गाभा आहे, आणि नेमकी तिथेच पळवाट शोधली जाते. परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा मान्यताप्राप्त संस्थेत बसून शिकण्याऐवजी एजंटला पैसे देऊन प्रमाणपत्र आणले, तर कागद पूर्ण होतो आणि रस्त्यावरचा धोका तसाच राहतो. लायसन्स म्हणजे अनोळखी माणसांच्या गर्दीतून जड यंत्र नेण्याची परवानगी. ती परत मागणाऱ्याने आपण काय बदलले, हे त्या अनोळखी माणसांसाठी सिद्ध करायचे असते. एजंट ते त्याच्या वतीने करू शकत नाही. असे प्रमाणपत्र विकणारी संस्थाही पुढच्या अपघाताच्या दोषातून सुटत नाही.

निलंबनाच्या काळात गाडी चालवणे हा वेगळा गुन्हा आहे: कलम १८२ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.