फिटनेस सर्टिफिकेट मागितलंस आणि मोकळा झालास?

खाली मान घालू नकोस, माझ्याकडे बघ. दोन महिन्यांच्या आजारपणानंतर तुझा माणूस कामावर आला आणि पहिल्याच सोमवारी साचलेलं सगळं काम तू त्याच्यापुढे आदळलंस? वर चारचौघांत विचारलंस, "आता डोकं ठिकाणावर आहे ना?" टीम लीड झालास, पण कुठे काय बोलावं एवढीही अक्कल आली नाही?

टायफॉइडातून उठलेल्या पोराला मी कधी पहिल्या दिवशी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. तू वर्गात होतास, पाहिलं आहेस. मग नैराश्यातून उठणाऱ्याला वेगळा न्याय कशासाठी? डॉक्टरांनी कागद दिला म्हणजे आजार संपला नाही. बरं वाटू लागल्यावरही गोळ्या कित्येक महिने चालतात. काहींना सकाळी सुस्ती असते, कामात लक्ष लागायला वेळ लागतो. अशा माणसाला सकाळी नऊची मीटिंग आणि रात्री अमेरिकेचा कॉल, दोन्ही लावतोस?

आणि तो कशानं खचला, ते तपासलंस? तिघांचं काम एकट्यावर, मध्यरात्रीचे मेसेज, दर आठवड्याला बदलणारं टार्गेट. यातलं एक तरी बदललंस? नाही. त्यालाच योगवर्गाला जा म्हणालास! जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्येच सांगितलंय, की मानसिक आजाराच्या रजेवरून परतणाऱ्याला उपचारांबरोबर कामातही बदल करून द्यावा. उपचार डॉक्टर बघतील. काम तुझ्या हातात आहे.

नेदरलँड्समध्ये 2002 पासून तसा कायदाच आहे. आजारपणाच्या आठव्या आठवड्यापर्यंत मालक आणि कामगारानं मिळून परतीचा लेखी आराखडा करायचा. तू दोन महिन्यांत साधा फोन तरी केलास का? त्याच्या आजाराचं नाव मात्र कॅन्टीनभर झालं. ते कुणाला सांगायचं, हे त्यानं ठरवायचं होतं.

उद्या त्याला बाजूला घेऊन बस. काय झेपेल, काय नाही, ते त्याच्या तोंडून ऐक. मध्ये बोलू नकोस. त्याच्या डॉक्टरांना चालत असेल तर सुरुवातीला अर्धा दिवस, मग हळूहळू वाढव. रात्रीचा कॉल दुसऱ्याकडे दे, आणि दुसरा कुणी नसेल तर स्वतः घे. पुढच्या अप्रेझलला हे दोन महिने त्याच्या विरुद्ध मोजलेस, तर माझ्या दारात येऊ नकोस.

माफी तर मागायचीच आहे. ती चारचौघांत हवी की एकट्यात, हेही त्यालाच विचार.