खंड पडलेला अभ्यास

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन जो प्रश्न विचारतो, तो मला साऱ्या गीतेतला सर्वांत प्रापंचिक प्रश्न वाटतो. श्रद्धा आहे, सुरुवातही झाली होती, पण मध्येच मन ढळलं आणि साधना सुटली. अशा माणसाचं पुढे काय होतं? धड इथला नाही, धड तिथला नाही, असा तो फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना?

ग्लायडर उडवणाऱ्याच्या कानाला ही उपमा जरा वेगळी लागते. आमच्या विमानाला इंजिन नसतं. विंचच्या केबलनं हजारएक फुटांवर नेऊन सोडलं, की पुढची सोय ज्याची त्यानं करायची. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, सापडली तर तासभर राहता येतं. नाही तर पाचेक मिनिटांत पुन्हा धावपट्टीवर. चांगल्या थर्मलच्या माथ्यावर ढग धरतो, म्हणून सारखं आभाळाकडे लक्ष. त्यात फसवी असते ती ढगाची चिंधी. जुना ढग विरत असेल तर तिच्याखाली काही उरलेलं नसतं. नवा धरत असेल तर तिथेच हवा वर निघालेली असते. एका नजरेत दोन्ही सारख्याच दिसतात. मिनिटभर दुसरीकडे बघावं, मग पुन्हा तिच्याकडे बघावं. वाढली की आटली ते तेव्हा कळतं. अर्जुनानं फाटका ढग पाहिला आणि तो विरणार हे गृहीत धरलं. श्रीकृष्णाचं उत्तर दुसऱ्यांदा बघायला लावणारं आहे.

मी कॉलेजात असताना हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग केंद्रात शिकले. मग बँकेची नोकरी, बदल्या, मूल, आणि शेवटी सासूबाईंचा पक्षाघात. उडणं सोडायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं; ते राहून गेलं. सासूबाई गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर पुन्हा गेले, तेव्हा माझ्या मुलाच्या वयाचा प्रशिक्षक मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, “मॅडम, जुनं सगळं आठवू द्या, पण विश्वास त्याच्यावर ठेवू नका.”

त्याचं म्हणणं वर गेल्यावर पटलं. विंचवर नाक उंच असताना त्यानं न सांगता केबल सोडली. अशा वेळी घाबरलेला हात स्टिक मागे ओढू बघतो, आणि वेग काही क्षणांत मरतो. स्टिक पुढे दाबायची, नाक खाली घालायचं, वेग आल्याशिवाय वळायचं नाही. माझा हात मला न विचारता पुढे गेला होता. गीतेत म्हटलंय की पूर्वीचा अभ्यास माणसाला त्याच्या इच्छेविनाही ओढून नेतो. ते वाक्य मी पाठांतरात शंभरदा म्हटलं असेल; त्याचा अर्थ मनगटाला आधी कळला.

पाय मात्र सगळं विसरले होते. वळताना स्टिकबरोबर रडर द्यावं लागतं, नाही तर काचेवरचा लोकरीचा धागा तिरका पडून चुगली करतो. आणि स्मरण तर चक्क दगा देणारं निघालं. प्रसंग पडला तर उतरायला म्हणून मनात राखून ठेवलेली मोकळी शेतं आता इमारतींखाली होती. हडपसर, मगरपट्टा, फुरसुंगी यांचा माझ्या डोक्यातला नकाशा अगदी स्पष्ट होता आणि अगदी खोटा होता.

इथे आपल्याच परंपरेतले दोन आवाज समोरासमोर येतात. पतंजली म्हणतात, अभ्यास दीर्घकाळ हवा, अखंड हवा, आदरानं केलेला हवा. तेव्हाच तो पक्का होतो. गीता म्हणते, या मार्गावर केलेलं काही वाया जात नाही. विमानाचे कायदे पतंजलींच्या बाजूचे. अमेरिकेत मागच्या 90 दिवसांत 3 उड्डाणं आणि 3 अवतरणं केलेली नसतील, तर वैमानिकाला प्रवासी नेता येत नाही. आधी कितीही वर्षं उडवलेलं असो. तर मग खरं कोण?

माझ्या मते दोघंही, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलतात. संस्कार टिकतो, अधिकार टिकत नाही. योगभ्रष्टाला, म्हणजे साधना सुटलेल्याला, पुढच्या जन्मी पूर्वीची बुद्धी परत मिळते असं श्रीकृष्ण सांगतो, पण त्याच श्लोकात पुढे हेही सांगतो, की तिथून तो पुन्हा प्रयत्नाला लागतो. हा उत्तरार्ध आपण सोयीनं गाळतो. ज्ञानेश्वरीत या जागी बालपणीच सर्वज्ञता वरलेल्या साधकाचं वर्णन येतं, आणि त्यात अनेकांना ज्ञानदेव स्वतःच दिसतात. तशी माणसं विरळा. बाकीच्यांना पुन्हा पहिल्या पाठापासून सुरू करायचं असतं; फक्त तो पाठ या खेपेला लवकर बसतो.

आणखी एक. अर्जुन विचारतो साधना सुटलेल्याबद्दल. उत्तरात श्रीकृष्ण बोलतो कल्याण करणाऱ्याबद्दल, की त्याची दुर्गती होत नाही. मोजमापच बदलतं. सासूबाईंना कुशीवर वळवण्यात गेलेली वर्षं मी आभाळातून पडल्याची वर्षं म्हणून मोजायला आता तयार नाही. त्या वर्षांनी मला उडायला शिकवलं असंही मी म्हणणार नाही. ती वेगळी कामं होती आणि दोन्ही करण्याजोगी होती.

तुमचं काही राहून गेलं असेल, तंबोरा, संस्कृत, पोहणं किंवा संध्या, तर ते नष्ट झालं असं समजून रडू नका, आणि ते जसंच्या तसं आहे असं समजून मिरवूही नका. जाऊन शिकाऊच्या जागी बसा, आणि मागे बसलेल्या तुमच्याहून लहान माणसाचं ऐका.