शिस्त हवी, अपमान नको



मुलाला शाळेत घालताना आपल्याकडचे पालक हमखास म्हणतात, "गुरुजी, चुकला तर खुशाल मारा." या बोलण्यात गुरुजींवरचा विश्वास आहे, हे खरे. पण मुलाला वळण लावण्यासाठी त्याचे मन मोडावेच लागते का? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला.

मी शिक्षक होतो. सातवीतल्या एका मुलाने सलग चौथ्यांदा गृहपाठ आणला नाही. मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि म्हणालो, "तुझ्या हातात कोयताच येणार." वर्ग हसला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, दिवाळीनंतर त्याचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले होते. घरी आजारी आजी आणि दोन लहान बहिणी. पाणी, चूल, बहिणींची शाळा, सारे त्याच्या अंगावर. मी घरी जाऊन माफी मागितली. तो परत आला. पण माझ्या तासाला त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही.

पाथर्डीकडच्या अनेक घरांत दरवर्षी अशी मुले मागे राहतात. त्यांच्या पाठीवरचे ओझे दप्तराचे नसते.

कोणी म्हणेल, "आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?" पण हे सांगायला जे टिकले तेच येतात. ज्यांनी सातवीतच शाळा सोडली, ते आपली हकीकत सांगायला येत नाहीत. शिवाय, शिक्षा आणि अपमान यांत फरक आहे. "तू हे चुकीचे केलेस" हे कृत्याविषयी बोलणे झाले. "तू वाया गेलास" हा माणसावरचा निकाल झाला. परमेश्वराच्या प्रतिमेवर असा निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मग मुलांना मोकाट सोडावे का? मुळीच नाही. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी तीन दिवस जिवाच्या आकांताने त्याचा शोध घेतला. सापडल्यावर मरिया गप्प बसली नाही. तिने जाब विचारला, आपली व्यथा सांगितली आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले. ते उत्तर तिला समजले नाही, तरी ते तिने अंतःकरणात जपले. पुत्र नासरेथला परतला आणि आज्ञेत राहिला. लूक पुढे सांगतो की तो ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत गेला. आपले प्रगतिपुस्तक यातले पहिलेच मोजते. बाकीची वाढ कोण पाहणार?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी घातली आहे. पण कायदा हात थांबवू शकतो, जीभ थांबवणे आपल्याकडे आहे. आपल्या जिल्ह्यात मिशनच्या आरंभीच्या काळात गावचे मास्तर दिवसा शाळा शिकवत आणि संध्याकाळी प्रार्थना घेत. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यांना ठाऊक असे. ती जबाबदारी आज साऱ्या धर्मग्रामाची आहे.

आज मिस्सानंतर एखाद्या मुलाला मार्क विचारू नका. "कसा आहेस?" असे विचारा आणि उत्तरासाठी थांबा. मूल एकाएकी अबोल झाले, जेवेनासे झाले, जगणे नको म्हणू लागले, तर रागावू नका, एकटे सोडू नका. फादर, सिस्टर किंवा डॉक्टरांशी बोला. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर आणि मुलांसाठीच्या १०९८ वर फुकट फोन करता येतो.

हे मरियामाते, आमच्या मुलांना समजून घेण्याआधी त्यांचा निकाल लावण्याच्या पापापासून आम्हांला राख. आमेन.